इकोच्या रिपोर्टवरचं प्रश्नचिन्ह : उजव्या कप्प्यात गाठ आहे की गुठळी?

प्रश्न थोडक्यात असा. केज तालुक्यात माहेरी आलेली 29 वर्षांची बाळंतीण, बाळंत होऊन 19 दिवस झालेले. आठवड्यापासून डावा पाय मांडीपर्यंत सुजलेला. दोन दिवसांपासून बाजेवरून उठून मोरीपर्यंत गेलं तरी धाप लागते, काल घेरी येऊन पडली. 2डी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) 'उजव्या वरच्या कप्प्यात 3.2 × 1.1 सेंमी हलणारा मास, क्लॉट? मिक्सोमा?' असं लिहून आलंय. मास म्हणजे गोळा, क्लॉट म्हणजे रक्ताची गुठळी, मिक्सोमा म्हणजे हृदयातच वाढणारी, कर्करोग नसलेली गाठ. भाऊ विचारतात, ही हृदयाची गाठ आहे का, गोळ्यांनी विरघळेल का, ऑपरेशन लागेल का, आणि सव्वा महिना उलटल्यावर मोठ्या दवाखान्यात नेलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. चालणार नाही. आज, हे वाचून झाल्याबरोबर निघा. सुजलेला पाय, धाप, घेरी आणि उजव्या कप्प्यात हलणारं काहीतरी, या चार गोष्टी एकत्र आल्या की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ती पायातून सुटून हृदयापर्यंत आलेली रक्ताची गुठळी असंच धरायचं. ती मधल्या मुक्कामावर आहे. पुढचा मुक्काम फुप्फुसाची धमनी. घेरी आली याचा अर्थ काही तुकडे बहुधा आधीच पुढे गेलेत. फुप्फुसात गुठळी गेलेल्या रुग्णांपैकी साधारण 4 टक्क्यांच्या हृदयात अशी तरंगती गुठळी सापडते, आणि उपचार न झालेल्यांत बहुतेक दगावतात.

निघण्याआधी काही गोष्टी बंद करा. पायाला तेल लावून चोळायचं नाही, शेकायचं नाही. सूज बाळंतपणाची आहे, मालिश केलं की उतरेल, असं मालिशवाली बाई सांगेल. पण मांडीच्या शिरेत उरलेली गुठळी सुटायला एवढा दाब पुरतो. पोरीला जिना चढवू नका, मोटरसायकलवर बसवू नका. 108 ला फोन करून ऑक्सिजनची गाडी मागवा, तिला पडूनच न्या. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, पोट सुटतं म्हणून तांब्या लपवायचा, ही आपल्याकडची रीत याच आजाराला खतपाणी घालते. गरोदरपणापासून बाळंतपणानंतरचे सहा आठवडे रक्त मुळातच लवकर गोठतं. त्यात खोलीत शेगडी, अंगावर गोधड्या, दिवसभर बाजेवर पडून राहणं आणि घसा कोरडा. डाव्याच पायाला हे जास्त होतं, कारण डाव्या पायाची शीर ओटीपोटात उजव्या धमनीखाली दबलेली असते आणि गर्भाशयाच्या भाराने आणखी दबते.

कुठे न्यायचं ते गाडी सुरू होण्याआधी फोनवर ठरवा. तीन गोष्टी विचारा: रात्रीसुद्धा फुप्फुसाच्या धमनीचा सीटी होतो का, गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साठ्यात आहे का, आणि हार्ट-लंग मशीनवर शस्त्रक्रिया करणारा सर्जन आहे का. पहिल्या दोन गोष्टी अंबाजोगाई-लातूरच्या टप्प्यात जमू शकतात. तिसरी लागली तर छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, पुणे किंवा हैदराबाद. म्हणून पहिला उपचार जवळ आणि पुढचा रस्ता डोक्यात, असं ठेवा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड पिशवीत टाका. महात्मा फुले योजनेत कोणता उपचार बसतो ते दवाखान्यातला आरोग्यमित्र सांगेल. आणि इकोचा नुसता कागद नेऊ नका, हलतं चित्र मोबाइलवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. कागदावर फक्त प्रश्नचिन्ह आहे, त्याचं उत्तर बहुतेक वेळा त्या दहा सेकंदांच्या चित्रात असतं.

पुढचे आकडे तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवायला लिहितोय. घरी करण्यासारखं त्यात काही नाही. मोठा रक्तस्राव चालू नसेल तर रक्त पातळ करणारं इंजेक्शन गाडीत चढवण्याआधीच द्यावं, सीटीची वाट पाहू नये. वजन 50 किलो धरलं तर एनॉक्सापॅरिन किलोला 1 मिग्रॅ, म्हणजे 50 मिग्रॅ त्वचेखाली, दर 12 तासांनी. किंवा साधं हेपॅरिन किलोला 80 युनिट, म्हणजे 4000 युनिट एकदम, नंतर किलोला तासाला 18, म्हणजे तासाला 900 युनिट. चूक नेमकी इथे होते: हेपॅरिनच्या 5 मिलीच्या दोन तऱ्हेच्या कुप्या मिळतात, एकीत मिलीला 1000 युनिट, दुसरीत 5000. पहिलीतून 4 मिली काढायचे तर दुसरीतून फक्त 0.8 मिली. घाईत लेबल न वाचता काढलं की पाचपट डोस जातो. 5000 ची अख्खी कुपी 45 मिली सलाइनमध्ये मिसळली की मिलीला 500 युनिट होतात, मग सिरिंज पंप तासाला 1.8 मिली. सहा तासांनी एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ), नॉर्मलच्या दीड ते अडीच पट हवा. लवकरच इंजेक्शनने गुठळी विरघळवायची किंवा शस्त्रक्रिया करायची अशी शक्यता असेल तर साधं हेपॅरिन सोयीचं, ते लगेच बंद करता येतं आणि प्रोटामिनने उतरवता येतं. पण गाडीत पंप नसेल तर थेंब मोजत हेपॅरिन देण्यापेक्षा एनॉक्सापॅरिनची सुई परवडली.

बीपी खाली आलं की हात आपोआप सलाइनकडे जातो. इथे तो आवरावा. उजवा खालचा कप्पा आधीच ताणून फुगलेला असतो. आणखी पाणी भरलं की तो मधला पडदा डावीकडे ढकलतो, डाव्या कप्प्याला भरायला जागा उरत नाही आणि बीपी अजून पडतं. 250, फार तर 500 मिली, तेही सावकाश, त्यानंतर बीपी वर आणणारं नॉरॲड्रेनलिन. गळ्यातून किंवा कॉलरबोनखालून सेंट्रल लाइन टाकू नये, कारण तिची तार थेट त्याच कप्प्यात जाऊन गुठळीला धक्का देते. औषध हाताच्या चांगल्या शिरेतून सुरू करावं. व्हेंटिलेटरची घाई नको; भूल देताना आणि छातीत दाबाने हवा भरताना असा उजवा कप्पा क्षणात बसू शकतो.

आता मूळ प्रश्न, गाठ की गुठळी. पायातून आलेली गुठळी लांबट असते, शेवईसारखी किंवा गांडुळासारखी. ती कुठेही धरलेली नसते. प्रत्येक ठोक्याला आकार बदलते, वळते, दुमडते, झडपेतून खाली डोकावते आणि पुन्हा वर फेकली जाते. मिक्सोमाला देठ असतो. तो बहुधा दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यावर, मधल्या खोलगट जागेच्या काठाला धरलेला असतो. गाठ कितीही झुलली तरी दर ठोक्याला त्याच खुंटीवर परत येते. युरोपीय तज्ज्ञगटाने 1989 मध्ये उजव्या बाजूच्या गुठळ्यांची विभागणी केली ती याच निरीक्षणावर: 'ए' म्हणजे लांब, मोकळी, पायातून आलेली, 'बी' म्हणजे भिंतीला चिकटून तिथेच तयार झालेली, 'सी' म्हणजे मधली, मिक्सोमासारखी दिसणारी. तुमच्या रिपोर्टमधलं 3.2 × 1.1 हे माप लांबटपणाकडे झुकतं, पण मापावरून निकाल देणं बरं नाही. बाकीचं हृदय काय सांगतं ते पाहावं. उजवा खालचा कप्पा फुगलाय, त्याची बाहेरची भिंत थिजलीय आणि टोक तेवढं हलतंय, असं दिसलं तर फुप्फुसात गुठळी गेल्याचा संशय बळावतो. भिंत जाड आणि फुप्फुसाचा दाब फारच वर, साठ-सत्तरच्या पुढे असेल, तर हे दुखणं दोन दिवसांचं नाही. नव्याने ताणलेल्या कप्प्याला एवढा दाब तयारच करता येत नाही.

इथे एक गोष्ट सांगतो, जी रिपोर्टमध्ये हटकून राहून जाते. उजव्या कप्प्यात काही दिसलं की प्रोब तिथेच धरून मापं घेत बसण्यापेक्षा तो खाली न्यावा. उजव्या बाजूला सापडणाऱ्या पुष्कळ गोष्टी हृदयात जन्मलेल्या नसतात, वाहत आलेल्या असतात. पुरात बंधाऱ्याला अडकलेला ओंडका बंधाऱ्याच्या झाडाचा नसतो, तसंच. छातीच्या हाडाखाली प्रोब ठेवून यकृतामागची मोठी शीर, आयव्हीसी, कप्प्यापर्यंत पाहावी: मास त्या शिरेतूनच वर आलाय का? मग जांघेतली आणि गुडघ्यामागची शीर प्रोबने दाबून पाहावी. निरोगी शीर दाबली की चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. पाच मिनिटांचं काम आहे, वेगळं यंत्र लागत नाही. पूर्ण पाय सुजलाय आणि या दोन्ही शिरा व्यवस्थित दबतात, तर गुठळी वर ओटीपोटात असू शकते. तसं असेल तर डॉपलर (पायाच्या शिरांची सोनोग्राफी) 'नॉर्मल' आला म्हणून गप्प बसू नये.

तुमच्या बहिणीच्या बाबतीत ही दिशा पायाकडेच जाते. पण असाच रिपोर्ट हातात असलेले बाकीचे वाचक असतील, त्यांच्यासाठी इतर उगम सांगतो.

मूत्रपिंडाचा कर्करोग शिरेतून वाढत आयव्हीसीत शिरतो. त्यातले साधारण शंभरात एक उजव्या कप्प्यापर्यंत पोचतात. लघवीतून रक्त, विशेषतः न दुखता, आणि कप्प्यात मास असेल तर आधी पोटाची सोनोग्राफी करा. ही गाठ हेपॅरिनने विरघळत नाही, पण दुसरीकडे पसरली नसेल तर मूत्रपिंडासकट काढता येते. म्हणून 'हृदयापर्यंत गेलाय, आता काही उपयोग नाही' हे वाक्य चुकीचं आहे. यकृताचा कर्करोग हाच रस्ता धरतो, त्याचा निकाल मात्र वाईट.

बाईची गर्भपिशवी पूर्वी फायब्रॉइडसाठी काढलेली असेल तर तो इतिहास मुद्दाम विचारावा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवी काढण्याचा विषय 2019 साली राज्यभर गाजला. आपल्या भागात ऐन तिशीत पिशवी काढलेल्या बायका कमी नाहीत, आणि 'कोणतं ऑपरेशन झालंय का' असं विचारलं की त्या हे सांगतातच असं नाही. फायब्रॉइडचा एक दुर्मीळ प्रकार ओटीपोटातल्या शिरांत शिरून दोरासारखा वर चढतो आणि पिशवी काढल्यावर वर्षांनीही हृदयात निघतो. पेशी कर्करोगाच्या नसतात, पण दोर झडपेत अडकला की बाई घेरी येऊन पडते. पोट आणि छाती दोन्ही उघडून तो मुळापासून काढावा लागतो. अर्धवट तोडला की पुन्हा वाढतो.

हातभट्टी पिणाऱ्या माणसाला ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, आणि इकोत आयव्हीसीतून कप्प्यात आलेली गुठळी: यकृतात आमांशाच्या जंतूने झालेला गळू शोधा. गळू आयव्हीसीला खेटून असेल तर शिरेची भिंत सुजते आणि आत रक्त गोठतं. गळूतला पू काढणं, मेट्रोनिडॅझोल आणि रक्त पातळ करणारं औषध, तिन्ही लागतात. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असताना मेट्रोनिडॅझोलने आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) झपाट्याने वर जातो, तेव्हा तो दोन-तीन दिवसांनी पाहावा.

डायलिसिसच्या रुग्णाला गळ्यात कॅथेटर असेल तर त्याच्या टोकाशी गुठळी धरते. मशीनवर रक्त नीट खेचलं जात नाही ही पहिली खूण, डायलिसिस लागलं की थंडी वाजून ताप ही दुसरी. ताप असेल तर गुठळीत जंतू आहेत असंच समजून रक्ताचं कल्चर (जंतू शोधण्याची तपासणी) पाठवावं. कॅथेटर काढणं आणि काही महिने रक्त पातळ ठेवणं हा नेहमीचा मार्ग. फार मोठी गुठळी असेल तर काढण्याआधी सर्जनला दाखवावी, ओढताना ती सुटू शकते. मूत्रपिंड निकामी असलेल्यांना एनॉक्सापॅरिनचा पूर्ण डोस दोन वेळा देऊ नये, तो साचतो.

उजव्या झडपेवरचा जंतूंचा गोळाही क्लॉट म्हणून खपतो. गावठी गर्भपात, बाळंतपणानंतरचा ताप, दिवसेंदिवस तीच सलाइनची सुई, टोचून घेतलेली नशा, यातून तो होतो. तुकडे फुप्फुसात जातात, एक्स-रेत ठिकठिकाणी डाग दिसतात आणि टीबीची औषधं सुरू होतात. अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी वेगवेगळ्या ठिकाणांहून तीन ब्लड कल्चर, यात तडजोड नाही. तुमच्या बहिणीला ताप असेल तर हे तिलाही लागू.

मेंढपाळ घरातला रुग्ण, भोवती कुत्री, आणि इकोत गोल, पाण्याने भरलेली, भिंत स्पष्ट दिसणारी गाठ: हायडॅटिड, म्हणजे कुत्र्यांतून येणाऱ्या जंताची गाठ. हृदयात फार क्वचित होते, पण सुईने टोचायची नाही. फुटली तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होते आणि पिल्लं फुप्फुसभर पसरतात. शस्त्रक्रिया, सोबत अल्बेंडॅझोल 400 मिग्रॅ दिवसातून दोनदा. तोंडात आणि गुप्तांगावर वारंवार फोड येणाऱ्या तरुणाच्या उजव्या हृदयात गुठळी सापडली तर बेशेटचा आजार आठवावा आणि सीटीत फुप्फुसाच्या धमन्यांना फुगे नाहीत ना, हे पाहिल्याशिवाय रक्त पातळ करू नये.

खऱ्या हृदयाच्या गाठींबद्दल थोडंच. दुसरीकडून पसरलेल्या गाठी हृदयात जन्मलेल्या गाठींपेक्षा निदान वीसपट आढळतात. मिक्सोमा चारांपैकी तीन वेळा डाव्या कप्प्यात असतो, उजवीकडे पंधरा-वीस टक्के. गोळीने जात नाही, पडद्याच्या तुकड्यासकट काढावा लागतो आणि बहुतेकांचा पुन्हा येत नाही. उजव्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीत रुजलेली, बाजूला रक्ताळलेलं पाणी साचवणारी गाठ मात्र अँजिओसारकोमा हा कर्करोग असू शकते, आणि त्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत म्हणून सुटका मानू नये.

शिवाय कधी कधी काहीच नसतं. आयव्हीसीच्या तोंडाशी जन्मापासून उरलेली पातळ पट्टी किंवा जाळी (किआरीची जाळी साधारण दोन टक्के लोकांत असते) फडफडताना क्लॉटसारखी दिसते. सीटीत तर औषध मिसळलेलं वरचं रक्त आणि न मिसळलेलं खालचं रक्त कप्प्यात एकत्र येऊन खोटी गुठळी दाखवतं. मिनिटभर, दीड मिनिट थांबून पुन्हा चित्र घेतलं की ती नाहीशी होते. खरी गुठळी तिथेच राहते. तरीही शंका उरली आणि रुग्ण स्थिर असेल तर अन्ननलिकेतून इको किंवा एमआरआय.

आता तुमच्या बहिणीचा पुढचा निर्णय. तुम्ही नॉर्मल बाळंतपण की सिझर ते लिहिलं नाही, आणि सगळं त्यावर अडतं. नॉर्मल झालं असेल, अंगावरून जास्त जात नसेल, डोक्यात कधी रक्तस्राव झालेला नसेल, तर 19 व्या दिवशी गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन देता येतं. सिझर असेल तर तीन आठवडे पुरे झालेले नाहीत, पोटात रक्तस्रावाचा धोका मोठा. तेव्हा शस्त्रक्रिया किंवा कॅथेटरने ओढून काढणं आधी विचारात घ्यावं. बीपी कोसळलं असेल तर हा हिशेबही बदलतो, कारण समोर मरण असताना मनाई सापेक्ष होते. डोस: अल्टेप्लेस 100 मिग्रॅ दोन तासांत, पण 65 किलोखाली किलोला दीड मिग्रॅच्या वर नाही, म्हणजे तिला 75. टेनेक्टेप्लेस 60 किलोखाली 30 मिग्रॅ एकाच दमात. स्ट्रेप्टोकायनेज 15 लाख युनिट दोन तासांत, त्या वेळी हेपॅरिन बंद. यात बीपी उतरतं आणि ॲलर्जी येते, म्हणून हाताशी दुसरं असेल तर ते वापरावं.

त्याआधी एक तपासणी चुकवू नये. चारांपैकी एका माणसाच्या दोन वरच्या कप्प्यांमध्ये जन्मापासून फट उरलेली असते. उजवीकडचा दाब वाढला की गुठळीचं टोक त्या फटीतून डावीकडे डोकावतं. अशा वेळी विरघळवण्याच्या इंजेक्शनने तुकडा सुटून मेंदूत जाऊ शकतो. गुठळी फटीत अडकलेली स्पष्ट दिसली आणि सर्जन गाठता येत असेल, तर शस्त्रक्रियेकडे झुकावं. कोणता मार्ग सरस यावर मोठ्या, नेमक्या चाचण्या झालेल्या नाहीत; पण नुसत्या गोळ्यांवर घरी सोडणं हा मार्ग कुणीच सुचवत नाही.

यातून बाहेर पडल्यावर: दूध पाजणं थांबवायची गरज नाही. हेपॅरिन, एनॉक्सापॅरिन आणि वॉरफरिन तिन्ही दूध पाजताना चालतात, सीटीच्या औषधानेही दूध टाकून द्यावं लागत नाही. रिव्हारॉक्सॅबान, अपिक्सॅबान, डॅबिगॅट्रान या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र दूध चालू असेतो नकोत. वॉरफरिन सुरू केलं की इंजेक्शन निदान पाच दिवस सोबत चालू ठेवायचं, आयएनआर 2 ते 3 मध्ये 24 तासांच्या अंतराने दोनदा आल्यावरच बंद. उपचार कमीत कमी तीन महिने. हेपॅरिन सुरू केल्यापासून पाचव्या ते दहाव्या दिवसांत प्लेटलेट पाहाव्यात. निम्म्यावर आल्या तर हेपॅरिनची उलटी प्रतिक्रिया समजावी. रक्त गोठण्याचा अँटिफॉस्फोलिपिड दोष तपासायचा तर ल्युपसची चाचणी औषध चालू असताना खोटी निघू शकते, आणि दोष आढळला तरी 12 आठवड्यांनी पुन्हा करूनच पक्का मानतात.

पाळणा लांबवायला इस्ट्रोजेनच्या गोळ्या तिला आयुष्यात नकोत, तांबी चालते. सण, नवरात्र किंवा तुळजापूरला जायचं म्हणून मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणतात, त्यांतल्या नॉरइथिस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, तेव्हा त्याही बंद. पुढच्या वेळी दिवस गेले की वॉरफरिन चालू असल्यास सहाव्या आठवड्याच्या आत डॉक्टरांकडे जाऊन ते बंद करून एनॉक्सापॅरिनवर यायचं, आणि ते बाळंतपणानंतर सहा आठवडे सोडायचं नाही. आयएनआर करणारी, दर वेळी त्याच यंत्रावर तपासणारी एकच लॅब केज किंवा अंबाजोगाईत ठरवून ठेवा, आणि वहीत तारीख, आकडा, डोस असे तीन रकाने आखा.